हिमोफिलिया: एक पुठ्ठा चुकला की मुलाचंच का बिघडतं?

"सर, एकदा घरी येऊन आत्यांना सांगाल का? माझं कुणी ऐकत नाही."

फोन माझ्या जुन्या विद्यार्थिनीचा होता. बारावीला आनुवंशिकतेची गणितं चुटकीसरशी सोडवायची. लग्न होऊन आता सोलापुरातच, पूर्व भागात असते. खाली चार माग, वर घर. तिचा तीन वर्षांचा मुलगा एका सकाळी उठला तो पाय टेकेना. पडला नव्हता, कुठं धडकला नव्हता. गुडघा सुजलेला, हात लावला तर गरम. आजीनं दोन दिवस कोमट तेलानं चोळला आणि सूज उतरायच्या ऐवजी वाढली. मग दवाखाना, रक्त तपासणी आणि शेवटी एक कागद: फॅक्टर आठ, एक टक्क्याहून कमी. गंभीर हिमोफिलिया ए.

मी गेलो तेव्हा पोरगं कॉटवर पाय लांब करून बसलं होतं आणि आजीबाईंचा निकाल लागून गेला होता. "सात पिढ्यांत आमच्यात कुणाचं असं झालेलं नाही ओ सर. हे हिच्या घरनं आलंय."

सून मान खाली घालून भाजी निवडत होती. गंमत म्हणजे 'हिचं घर' हे आजीबाईंचंच माहेर. सून सख्ख्या भावाची मुलगी. मामाची मुलगी आत्याच्या घरात दिलेली, आपल्याकडे सर्रास होतं तसं. तर प्रश्न असा होता: आलं कुठून? आणि आलं ते पोराच्याच वाट्याला का?

आधी आजार म्हणजे काय ते बघू, कारण त्याबद्दलची पहिली समजूतच चुकीची असते. हिमोफिलिया असलेल्या माणसाला खरचटलं की रक्ताच्या चिळकांड्या उडत नाहीत. रक्त इतरांइतक्याच वेगानं येतं. थांबायला मात्र फार वेळ लागतो. रक्त थांबतं ते दोन टप्प्यांत. आधी प्लेटलेट नावाचे बारीक कण जखमेवर गोळा होऊन बूच बसवतात. हे काम या मुलांमध्ये ठीक चालतं, म्हणून वरवरचा ओरखडा लवकर सुकतो. मग त्या बुचावर फायब्रिनच्या धाग्यांची जाळी विणली जाते, तेव्हा कुठं बूच पक्कं होतं. ही जाळी विणायला रक्तातली प्रथिनं एकामागून एक कामाला लागतात. त्यांना फॅक्टर म्हणतात आणि रोमन आकड्यांनी मोजतात. आठवं कमी पडलं तर हिमोफिलिया ए, नववं कमी पडलं तर बी. ए साधारण ५,००० मुलग्यांमागे एकाला असतो, बी त्याहून बराच दुर्मीळ, साधारण ३०,००० मुलग्यांमागे एकाला.

जाळी नसली की कच्चं बूच सुटतं. सगळ्यात आधी सुटतं ते रोज वाकणाऱ्या, भार घेणाऱ्या सांध्यांत: गुडघा, घोटा, कोपर. म्हणून 'काही लागलं नाही तरी सुजला'. तेल लावून चोळणं म्हणजे बसू पाहणारं बूच हातानं उचकटणं. हे मी सांगितल्यावर आजीबाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

आता जनुकाकडे वळू. वर्गात मी फळ्यावर चौकोन काढतो. तिथं फळा नव्हता, पण जिना उतरलं की मागावर नक्षी उठवणारं जेकार्ड होतं.

सोलापुरी चादरीवरचा मोर कुठून येतो? मागाच्या डोक्यावर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरते. एक पुठ्ठा म्हणजे बाण्याची, आडव्या धाग्याची, एक ओळ. भोक असेल तिथला ताण्याचा उभा दोरा वर उचलला जातो, नसेल तिथला खाली राहतो. एका पुठ्ठ्यात एक भोक चुकीचं पडलं की निघणाऱ्या प्रत्येक चादरीत त्याच जागी मोराची मान मोडलेली. दोरा कितीही भारी वापरा, मागवाला कितीही हुशार असो. ("एका डिझाइनला शेकड्यानं पुठ्ठं लागत्यात सर," आजीबाईंनी मला मध्येच दुरुस्त केलं. आयुष्य मागावर गेलेल्या बाईला मी जेकार्ड शिकवत होतो!)

जनुक म्हणजे असाच पुठ्ठा आणि गुणसूत्र म्हणजे पुठ्ठ्यांची माळ. आपल्या पेशीत अशा २३ जोड्या असतात. बावीस जोड्यांत दोन्ही माळा सारख्या, एक आईकडची, एक वडिलांकडची. तेविसावी जोडी वेगळी. बाईकडे दोन एक्स. पुरुषाकडे एक एक्स आणि एक वाय. वाय ही तोकडी माळ. पुरुष घडवायचा मुख्य पुठ्ठा तिच्यात आहे, बाकी फार काही नाही. फॅक्टर आठ आणि नऊ, दोन्हींचे पुठ्ठे एक्सवर आहेत, एकमेकांपासून फार लांबही नाहीत. वायवर त्यांची नक्कल नाही.

पुरुषाच्या एक्सवरचा पुठ्ठा बिघडला की संपलं, दुसरा नाहीच. त्याचा एक्स नेहमी आईकडून येतो, कारण वडिलांनी एक्स दिला असता तर तो मुलगी झाला असता. यातूनच पुढचं सगळं गणित निघतं. हिमोफिलिया बापाकडून मुलाला जात नाही. तो मुलाला वाय देतो आणि वाय कोरा आहे. पण त्याच बापाच्या प्रत्येक मुलीला त्याचा बिघडलेला एक्स मिळतोच, कारण द्यायला त्याच्याकडे तेवढा एकच आहे. आणि ज्या आईच्या दोन एक्सपैकी एक बिघडलेला, तिच्या प्रत्येक मुलग्याला आजाराची शक्यता निम्मी, प्रत्येक मुलीला तो एक्स मिळण्याची शक्यताही निम्मी. निम्मी म्हणजे दर बाळंतपणाला नाणं नव्यानं उडतं. पहिला आजारी निघाला म्हणून दुसरा सुटेलच असा हिशोब इथं चालत नाही. हा गैरसमज मी शिकलेल्या माणसांतही पाहिलाय.

आईकडच्या रक्तातून येणाऱ्या या आजाराची खूण माणसाला जनुकं कळण्याच्या कितीतरी आधी पटली होती. ज्यूंच्या तालमूद या धर्मग्रंथात नियम आहे: सुंता करताना दोन मुलगे रक्त जाऊन दगावले तर तिसऱ्याची करू नये. आणि त्या चर्चेत बहिणी-बहिणींच्या मुलांचाही विचार आहे. राणी व्हिक्टोरियाची गोष्ट प्रत्येक लेखात असते, म्हणून एका दमात सांगतो: तिचा मुलगा लिओपोल्ड या आजारानं १८८४ मध्ये तिशीत गेला, मुलींमार्फत तो युरोपभरच्या राजघराण्यांत पसरला, रशियाचा राजपुत्र अलेक्सेई त्यातलाच. या घराण्यांतला आजार हिमोफिलिया बी होता, हे २००९ मध्ये रशियन राजकुटुंबाच्या अवशेषांच्या डीएनएवरून सिद्ध झालं. व्हिक्टोरियाच्या आधी त्या घराण्यात मात्र या आजाराचा मागमूस नाही.

आणि इथंच आजीबाईंच्या 'सात पिढ्या' कामाला येतात. त्या खोटं बोलत नव्हत्या. या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुलांच्या घराण्यात आधी कुणालाच आजार नसतो. हा आकडा नेमका तिसरा हिस्साच का, याचं उत्तर जनुकशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९३५ मध्ये दिलं. हे तेच हाल्डेन, जे पुढं १९५७ मध्ये इंग्लंड सोडून भारतात आले, भारतीय नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले. त्यांचा युक्तिवाद इतका साधा आहे की मला दरवर्षी शिकवताना मजा येते.

एक बाई आणि एक पुरुष धरा. दोघांत मिळून एक्स तीन, त्यातला एक पुरुषाकडे. म्हणजे जगातल्या बिघडलेल्या पुठ्ठ्यांपैकीही साधारण तिसरा हिस्सा कुठल्याही वेळी पुरुषांच्या अंगात असणार. पूर्वी उपचार नव्हते, गंभीर आजार असलेली मुलं लग्नाच्या वयापर्यंत पोचत नसत. म्हणजे दर पिढीला बिघडलेल्या पुठ्ठ्यांतला तिसरा हिस्सा त्या मुलांबरोबर जगातून नाहीसा व्हायचा. असं असेल तर हजारो वर्षांत हा आजार संपायला हवा होता. तो संपलेला नाही. याचा अर्थ जितके पुठ्ठे नाहीसे होतात तितकेच दर पिढीला कुठंतरी नव्यानं चुकतात. तिसरा हिस्सा जातो, तिसरा हिस्सा नवा येतो. हाल्डेन यांनी हे जनुकाचं रसायन कळायच्या आधी, निव्वळ हिशोबानं मांडलं.

हे नवे पुठ्ठे चुकतात कुठं? बरेचसे पुरुषांत. फॅक्टर आठचं जनुक भलंमोठं आहे, सुमारे १ लाख ८६ हजार अक्षरांचं, आणि ते एक्सच्या अगदी टोकाशी बसलंय. त्याच्या पोटातला एक तुकडा जसाच्या तसा त्या टोकाजवळ आणखी दोन ठिकाणी छापलेला आहे. आता बीजपेशी तयार होताना काय होतं पाहा. आईच्या शरीरात दोन एक्स एकमेकांना लागून उभे राहतात, टोकाला टोक जुळवून, आणि आपापसांत देवघेव करतात. पुरुषाच्या शरीरात त्या एक्सला समोर तोलामोलाचा जोडीदार नसतो. वायशी तो अगदी टोकांनाच कसाबसा जुळतो. मग कधीतरी एक्सचं टोक स्वतःवरच दुमडतं, सारखे दिसणारे दोन तुकडे एकमेकांना चिकटतात आणि मधला भाग उलटा होऊन बसतो. जनुकाचे दोन तुकडे. पुठ्ठ्यांची माळ मधूनच कापून उलटी शिवावी तसं. गंभीर हिमोफिलिया ए असलेल्या जवळजवळ निम्म्या रुग्णांत नेमकी हीच चूक सापडते, आणि ती बहुतेक वेळा पुरुषाच्या बीजात घडते.

म्हणजे कुणाच्या? मुलाच्या बापाच्या नव्हे, त्याचा एक्स मुलाकडे आलाच नाही. ती घडते आईच्या वडिलांच्या बीजात. तो माणूस स्वतः ठणठणीत असतो. त्याच्या अंगातल्या सगळ्या पेशींत पुठ्ठा नीट असतो. चुकलेला असतो तो एका शुक्राणूत. त्यातून मुलगी जन्मते, तिचा दुसरा एक्स बरा असल्यामुळे तीही मोठी होते, लग्न होतं, आणि मग पहिल्यांदा तिच्या मुलाचा गुडघा सुजतो.

माझ्या विद्यार्थिनीच्या घरात हेच झालं असावं. तिच्या रक्ताच्या तपासणीत ती उलटी शिवण निघाली. तिच्या आईच्या तपासणीत नाही निघाली. राहिले वडील. आजीबाईंचे सख्खे धाकटे भाऊ, ज्यांना त्यांनी कडेवर खेळवलेलं, जे साठीतही सायकल मारत मार्केट यार्डाला जातात. मी जिन्यात उभा राहून हे सांगत असताना पहिला शब्द आजीबाईंनी काढला तो: "पण त्याला काय कळनार ओ?" नाहीच कळणार. कुणालाच नाही. सुनेला तरी कसं कळावं?

दोन एक्स असून बाई वाचते कशी, याचं जे उत्तर सगळे देतात ते अर्धंच खरं आहे. 'एक बिघडला तर दुसरा चालतो' असं म्हणतात. प्रत्यक्षात बाईच्या कुठल्याही एका पेशीत दोन्ही एक्स पूर्ण चालत नाहीत. गर्भ अगदी कोवळा, मूठभर पेशींचा असतानाच प्रत्येक पेशी आपल्या दोनपैकी एक माळ गुंडाळून बाजूला टाकते. कुठली, ते त्या पेशीचं ती ठरवते, चिठ्ठी टाकल्यासारखं. एकदा ठरलं की तिच्यापासून होणाऱ्या सगळ्या पेशी तीच माळ चालवतात. हे जनुकशास्त्रज्ञ मेरी लायन यांनी १९६१ मध्ये उंदरांच्या रंगावरून मांडलं. आपल्याला उंदीर नको, गल्लीतली तीन रंगांची मांजर पुरे. काळ्या-तांबड्या रंगाचं जनुक तिच्या एक्सवर असतं. जिथं एक माळ चालते तिथं काळा ठिपका, जिथं दुसरी तिथं तांबडा. म्हणून अशी मांजर जवळजवळ नेहमी मादी असते. तीन रंगांचा बोका दिसला तर मला फोन करा.

म्हणजे बिघडलेला पुठ्ठा असलेल्या बाईच्या यकृतात काही पेशी फॅक्टर बनवतात आणि काही बनवतच नाहीत. तरी तिचं भागतं, कारण फॅक्टर रक्तात सोडलं जातं आणि रक्त सगळीकडं फिरतं. कारखान्यातले निम्मे माग बंद असले तरी बाजारात माल जातोच, निम्मा. आणि जाळी विणायला निम्मा माल पुरतो.

पण चिठ्ठ्या दर वेळी निम्म्या-निम्म्या पडतात असं कुठंय? सरासरी ५० टक्के, पण कुणाचं ८०, कुणाचं २५. फॅक्टर ५ ते ४० टक्क्यांत असलं तर तो सौम्य हिमोफिलियाच, पुरुषात असो वा बाईत. आणि अशा साधारण एक तृतीयांश बायका ४० टक्क्यांच्या खाली असतात. त्यांना आजवर 'वाहक' म्हणून सोडून दिलं जायचं, जणू त्या फक्त टपाल पोचवणाऱ्या. मला हा शब्द आवडत नाही. आता वैद्यकातही अशा बाईला तिच्या फॅक्टरच्या आकड्याप्रमाणं रुग्ण म्हणून नोंदवायचं ठरलंय.

मी विद्यार्थिनीला वर गच्चीत बोलावून विचारलं, "पाळीला किती दिवस जातं?" ती चपापली, मास्तरांनी असं विचारलं म्हणून. "आठ. कधी नऊ. आईला पण तसंच होतं म्हणायची, म्हणून मी..." मग तिनं स्वतःच आठवून सांगितलं की लग्नाआधी दाढ काढली तेव्हा तीन दिवस कापूस लाल निघत होता आणि दाढ काढणाऱ्यांनी 'जिभेनं चाळवली असशील' म्हणून दटावलं होतं. बाळंतपणानंतर दहा-बारा दिवसांनी पुन्हा अंगावरून खूप गेलं, तेव्हा 'अशक्तपणा आहे, खजूर खा' सांगितलं गेलं. हे शेवटचं लक्षात ठेवण्यासारखं आहे. गरोदरपणात फॅक्टर आठ आपोआप वाढतं, त्यामुळे बाळंतपणाच्या दिवशी सगळं ठीक दिसू शकतं. बाळंतपणानंतर ते उतरतं आणि मग रक्तस्राव होतो. तिचं फॅक्टर मोजलं तेव्हा २८ टक्के निघालं. मुलासाठी अख्खं घर दोन आठवडे धावत होतं. हिचं कुणी मोजलंच नव्हतं.

मुलींना पुरता, मुलग्यांसारखा हिमोफिलिया होतो का? क्वचित, पण होतो. चिठ्ठ्या अगदीच एका बाजूला पडल्या तर होतो. टर्नर सिंड्रोममध्ये मुलीकडे एकच एक्स असतो, त्यात होऊ शकतो. आणि दोन्ही एक्स बिघडलेले आले तर होतो. त्यासाठी बाप आजारी आणि आईकडेही एक बिघडलेला एक्स असावा लागतो. इतरत्र हा योग दुर्मीळ. पण समजा मामाला हिमोफिलिया आहे आणि भाच्यालाही. दोघांना तो एकाच आजीकडून आला. मामाच्या मुलीकडे बिघडलेला एक्स असणारच, तिच्या बापाकडे दुसरा नव्हताच. तिचं लग्न त्या भाच्याशी झालं तर त्यांच्या मुलींपैकीही निम्म्यांना आजार होण्याची शक्यता. आपल्या भागात मामाच्या मुलीवर भाच्याचा हक्क मानतात, म्हणून एवढं सविस्तर लिहिलं. या विद्यार्थिनीच्या बाबतीत मात्र नात्यातल्या लग्नाचा काही संबंध नव्हता. नवऱ्यानं मुलाला दिला तो वाय. ती कुणाच्याही घरी दिली असती तरी मुलाचं हेच झालं असतं. गावभर 'नात्यात केलं म्हणून' सुरू झालं होतं, ते या बाबतीत चूक.

उपचारांचं थोडक्यात. कमी असलेलं फॅक्टर शिरेतून देतात. महाराष्ट्रात अनेक सरकारी रुग्णालयांत ते मोफत मिळतं. हिमोफिलिया एसाठी त्वचेखाली घ्यायचं एमिसिझुमॅब आलंय, ते रक्तस्राव होऊ नये म्हणून आधीपासून देतात. जनुक उपचारांत वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजनं (सीएमसी) पाच रुग्णांवर केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. उत्साहवर्धक आहेत, पण ते उद्या सोलापुरात मिळेल असं समजू नका. अपंगत्वाच्या २०१६ च्या कायद्यात हिमोफिलियाचा समावेश आहे, प्रमाणपत्र काढून ठेवावं. घरात एवढंच: सांधा सुजला की चोळायचा नाही, बर्फ कापडात गुंडाळून लावायचा, पाय हलवायचा नाही. ॲस्पिरिन नाही, डॉक्टरांना न विचारता दुखण्याच्या गोळ्या नाहीत. मांसात इंजेक्शन द्यायला कुणी आलं तर आधी आजार सांगायचा. पुढच्या गरोदरपणी तपासणी हवी असेल तर गर्भलिंगनिदानाच्या कायद्याची भीती बाळगू नये. लिंगाशी जोडलेल्या आनुवंशिक आजारांसाठी मान्यताप्राप्त केंद्रात तपासणी करायला तो कायदा मुभा देतो. अर्थात मुलगा की मुलगी हे विचारायला नाही.

त्या दिवशी निघताना मी वहीच्या पाठकोऱ्या कागदावर त्यांची वंशावळ काढली. पुरुषाला चौकोन, बाईला गोल. नातवाचा चौकोन काळा, सुनेचा गोल अर्धा काळा. सुनेला दोन धाकट्या बहिणी आहेत. वडिलांची चूक एकाच शुक्राणूतली असेल तर त्या सुटल्या. पण कधीकधी बीज बनवणाऱ्या पेशींच्या एका गटातच चूक असते, मग एकापेक्षा जास्त मुलींत ती जाऊ शकते. म्हणून दोघींच्या गोलात मी प्रश्नचिन्ह काढलं.

आजीबाईंनी चष्मा लावून कागद पाहिला. "मधलीचं तर लगीन ठरवलालेत," त्या म्हणाल्या आणि भावाला फोन लावायला नातवाला मोबाईल मागितला. दोघी बहिणींचे नमुने मुंबईला, परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारातल्या राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेत गेलेत. थोरलीला, म्हणजे माझ्या विद्यार्थिनीला, या महिन्यात आणखी एक दाढ काढायचीच आहे, या वेळी फॅक्टरचा कागद दाखवून. बहिणींचे रिपोर्ट अजून यायचेत.